म्हाताऱ्या मेंढीचा भाव

(आकाशवाणीवरून प्रसारित झालेल्या भाषणाचा संपादित अंश)

साल १९८२. दसरा होऊन आठ दिवस झाले होते. माणदेशातल्या आमच्या तालुक्याच्या गावी आठवडी बाजार भरला होता. मी सहावीत होतो आणि त्या दिवशी शाळेला दांडी मारून अब्बांबरोबर बाजारात गेलो होतो. अब्बांचं मटणाचं छोटंसं दुकान होतं.

मेंढरांचा बाजार गावाच्या कडेला, लिंबाच्या झाडांखाली भरायचा. तिथं एक म्हातारा धनगर सात मेंढ्या घेऊन उभा होता. डोक्याला पटका, खांद्यावर घोंगडी. अब्बांनी एका मेंढीचा ओठ वर करून दात पाहिले. मग कमरेच्या मणक्यावरून हात फिरवला, शेपटीचं मूळ चाचपलं, कास दाबून पाहिली. हे सगळं मिनिटभरात झालं. नंतर त्यांनी खांद्यावरचा टॉवेल काढून धनगराच्या उजव्या हातावर टाकला आणि स्वतःचा हात त्याखाली घातला. दोघंही एकमेकांकडे न बघता भलतीकडेच बघत होते. टॉवेलखाली काहीतरी हलत होतं. धनगर मान हलवायचा. अब्बा म्हणायचे, "न्हाई परवडत, मामा." पुन्हा टॉवेल, पुन्हा बोटं. तिसऱ्या खेपेला सौदा जमला.

परतताना मी विचारलं, "अब्बा, भाव कितीला झाला?" त्यांनी माझं एक बोट धरलं आणि म्हणाले, "हे शेकडे." मग चार बोटं धरली, "हे दहाचे." एका मेंढीला एकशे चाळीस.

त्या रात्री जेवताना अब्बा म्हणाले होते, त्यातली तांबडी तेरा किलो पडेल. दुसऱ्या दिवशी दुकानात ती काट्याला लावली, तेव्हा बरोबर तेरा किलो भरली. माझ्या बापाचा हात म्हणजे काटा आहे, याचा मला त्या दिवशी फार अभिमान वाटला. टॉवेलखालच्या दुसऱ्या हाताजवळ काटा नव्हता, हे लक्षात यायला मला बरीच वर्षं लागली. मटणाचा तेव्हाचा भाव धरून मी पुढं हिशेब केला. दुकानाचा खर्च आणि अब्बांची मजुरी वजा करूनही मेंढीमागं तीसेक रुपये त्या म्हाताऱ्याला जास्त देता आले असते. सात मेंढ्यांचे दोनशे दहा. त्या काळात एवढ्या पैशात ज्वारीचं पोतं घरात आलं असतं.

मी बी. ए. झालो. अभ्यासाला इतिहास होता. त्यात रेल्वे होती, दुष्काळ होते, कायदे होते. मेंढी मात्र नव्हती. आज या तिन्हींच्या मधोमध ती म्हातारी मेंढी उभी करून, तिचा भाव कोण आणि कसा ठरवत आलं, ते सांगायचं आहे.

* * *

आधी म्हातारी मेंढी म्हणजे काय, ते पाहू. मेंढीला समोरचे दात फक्त खालच्या जबड्यात असतात, एकूण आठ. दुधाचे दात पडून पक्के दात जोडी-जोडीनं येतात. साधारण वर्ष-दीड वर्षाला पहिली जोडी येते, तिला आपण दोन दाती म्हणतो. मग चार दाती, सहा दाती. चार वर्षांच्या सुमारास आठही दात आले की मेंढी 'जुळली'. त्यानंतर दात झिजू लागतात, फाकतात, तुटतात. माळावरचं आखूड, खरबरीत गवत ज्या तोंडाला तोडता येत नाही, त्या तोंडाची मेंढी उपाशी राहते. ती उपाशी राहिली की कासेत दूध येत नाही आणि कोकरू वाढत नाही. काही मेंढ्यांची कास दगडी होते, काही गाभ धरत नाहीत, काही पायानं अधू होतात. अशा मेंढ्या दर वर्षी कळपातून बाजूला काढाव्याच लागतात. सुगीनंतरची चराई मर्यादित असते. एक भाकड मेंढी जेवढं खाते, तेवढं एका दुभत्या मेंढीच्या तोंडचं जातं.

हा आकडा लहान नाही. मेंढी पाच-सहा वेतं देते असं धरलं, तर शंभर मेंढ्यांच्या कळपातून दर वर्षी पंधरा-वीस मेंढ्या निघतात. त्यांना 'मोडीत काढलेल्या' म्हणतात. हा शब्द जुन्या भांड्यांसाठीही आहे. तांब्या-पितळेची मोड विकताना बाई निदान तराजूकडे बघते. मेंढीच्या बाबतीत मात्र शेकडो वर्षं तराजूच नव्हता.

* * *

पूर्वी त्याची फारशी गरजही पडत नसे. रेल्वेच्या आधीच्या काळात धनगराचं पोट मेंढी विकण्यावर नव्हतं, मेंढी राखण्यावर होतं. तिची लोकर कातरून सणगर आणि खुटेकर धनगर घोंगडी विणत. घोंगडी म्हणजे शेतकऱ्याचं अंथरूण, पांघरूण आणि पावसातली खोळ. दुसरं उत्पन्न खताचं. रात्री शेतात मेंढरं बसवायची आणि त्या बदल्यात धान्य घ्यायचं. रासायनिक खत येण्याआधी शेताला खत मिळवण्याचा तो खात्रीचा मार्ग होता. म्हातारी मेंढीसुद्धा लोकर देत होती आणि लेंड्या टाकत होती. त्यामुळं ती शेवटपर्यंत थोडीफार कामाची होती.

ती संपायची ती जत्रेत, नवसाला, लग्नकार्यात, नाहीतर गावच्या खाटकाकडे. इथं आमच्या घराण्याचा संबंध येतो. आम्ही मुलाणी. गावगाड्यात मुलाण्याचं काम बकरं हलाल करण्याचं. हिंदू गावकऱ्यांच्या जत्रेतसुद्धा सुरी मुलाण्याच्या हातात असायची, आणि त्याबद्दल त्याला सुगीला धान्य आणि बकऱ्यातला ठरलेला वाटा मिळायचा. माझ्या पणज्यानं मेंढी विकत घेतली नसेल. त्याचा हक्क होता, सौदा नव्हता. मेंढीचा भाव धान्यात, घोंगडीत नाहीतर शब्दात ठरत असे. धनगर आणि खाटीक दोघंही एकाच पंचक्रोशीतले. आज कमी दिलं तर उद्या तोंड दाखवायचं होतं. त्या व्यवस्थेत अन्याय नव्हता असं मी म्हणणार नाही. जात होती, पायरी होती. पण शंभर कोसांवरच्या शहरातला भाव एकाला ठाऊक आणि दुसऱ्याला नाही, अशी स्थिती तेव्हा नव्हती.

ही स्थिती शहरानं आणली. मुंबई वाढत होती. आर्थर क्रॉफर्ड तिथले महापालिका आयुक्त असताना, १८६० च्या दशकात, शहरातले कत्तलखाने वांद्र्याला हलवले गेले. क्रॉफर्ड मार्केट १८६९ साली बांधून झालं. १८६३ साली बोरघाटातून रेल्वे चढली आणि १८९० पर्यंत पुण्याहून दक्षिणेकडे, साताऱ्या-सांगलीच्या मुलखातून मीटरगेज धावू लागली. त्याच मार्गावर लोणंद आहे. लोणंदचा शेळ्या-मेंढ्यांचा बाजार आजही नावाजलेला आहे. आटपाडीच्या बाजाराचंही तसंच.

आता धनगर आणि खाटीक यांच्यामध्ये एक नवा माणूस आला. त्याला आमच्याकडे 'हेडी' म्हणतात. जनावरांचा फिरता व्यापारी. चार वाड्यांवरची जनावरं गोळा करायची आणि मोठ्या बाजारात न्यायची, हे त्याचं काम. हेडी हा खलनायक नव्हे. पाच मेंढ्या घेऊन कुणी धनगर मुंबईला जाऊ शकत नाही. वाटेत जनावर मेलं तर नुकसान हेडीचं. पण शहरातला भाव त्याला माहीत असतो आणि धनगराला नसतो. त्याचा खरा नफा चालण्यात कमी आणि या माहितीत जास्त असतो.

* * *

म्हाताऱ्या मेंढीचा भाव सगळ्यात जास्त कोणी पाडला असेल, तर तो दुष्काळानं. १८७६ ते ७८ चा दुष्काळ दख्खनवर पडला. पुढं १८९६-९७ आणि १८९९-१९०० असे लागोपाठ पडले. पाऊस गेला की चारा जातो. चारा गेला की प्रत्येक जण एकाच आठवड्यात जनावर विकायला काढतो. बाजारात विकणारे हजार आणि घेणारे दहा. त्याच वेळी ज्वारी-बाजरीचे भाव मात्र आभाळाला भिडलेले. म्हणजे धनगराला विकायची ती वस्तू मातीमोल आणि घ्यायची ती सोन्याची.

अमर्त्य सेन यांनी १९८१ साली दुष्काळ आणि दारिद्र्यावर जे पुस्तक लिहिलं, त्यात आफ्रिकेतल्या पशुपालकांच्या उपासमारीची हीच मांडणी आहे. इथिओपिया आणि साहेलमधले पशुपालक नुसती जनावरं मेल्यामुळं उपाशी राहिले नाहीत. उरलेल्या जनावराच्या बदल्यात मिळणारं धान्य घटलं, त्याचाही तो परिणाम होता. ते वाचताना मला इथिओपिया दिसला नाही, आमचा लिंबाखालचा बाजार दिसला.

दुष्काळ दर वर्षी पडत नाही, पण छोट्या प्रमाणात हीच गोष्ट दर वर्षी होते. माणदेशातले, पूर्व साताऱ्यातले कितीतरी धनगर दसरा-दिवाळीनंतर कळप घेऊन सह्याद्री उतरून कोकणात जातात आणि पावसाळ्याच्या तोंडाला परततात. घाट उतरण्याआधी म्हातारी, लंगडी मेंढी काढून टाकावी लागते, कारण ती वाटेत मेली तर रुपयाही मिळत नाही. सगळ्यांचे वाडे साधारण एकाच पंधरवड्यात हलतात. म्हणजे सगळ्यांच्या म्हाताऱ्या मेंढ्या एकाच पंधरवड्यात बाजारात येतात. हे खाटकाला, हेड्याला, सगळ्यांना ठाऊक असतं. अब्बा वर्षभरातली सगळ्यात मोठी खरेदी दसऱ्यानंतरच का करायचे, ते आता तुमच्या ध्यानात आलं असेल.

* * *

आता त्या टॉवेलाकडे वळू. बोटांनी बोलण्याला मराठीत करपल्लवी असा फार सुंदर शब्द आहे. कवी म्हणून मला तो आवडतो. खाटकाचा मुलगा म्हणून मला तो शब्द बोचतो.

हा रिवाज फक्त मेंढरांचा नव्हता. बैलबाजारात, कापसाच्या, धान्याच्या पेठेतही तो होता. त्यात विकणाऱ्याचाही थोडा फायदा होता, हे मान्य केलं पाहिजे. आपल्याला किती मिळाले हे शेजारी उभ्या असलेल्या सावकाराला कळत नाही. एका गिऱ्हाइकानं कमी मागितलं तर ते दुसऱ्याच्या कानावर जात नाही. पण तोटा मोठा होता. टॉवेलखालचा भाव बाजाराचा भाव होत नाही. शेजारच्या धनगराला तेवढ्याच मेंढीचे एकशे सत्तर मिळाले, हे आपल्या धनगराला कधीच कळत नाही. घेणारा मात्र दिवसभरात वीस टॉवेलांखाली हात घालतो. त्याला वीस भाव माहीत असतात आणि विकणाऱ्याला एकच.

हे सरकारच्या लक्षात आलं नव्हतं असं नाही. आपल्या वऱ्हाडात, कारंजा इथं १८८६ साली देशातला पहिला नियंत्रित बाजार सुरू झाला. १८९७ साली वऱ्हाडातल्या कापूस आणि धान्याच्या बाजारांसाठी कायदा झाला. १९२८ साली शेतीविषयक रॉयल कमिशननं देशभर असे बाजार असावेत अशी शिफारस केली. मुंबई इलाख्यात १९२७ चा कापूस बाजाराचा आणि १९३९ चा शेतमाल बाजाराचा कायदा आला. महाराष्ट्र झाल्यावर १९६३ चा कृषी उत्पन्न पणन कायदा आला आणि त्याच्या अनुसूचीत गुरांबरोबर शेळ्या-मेंढ्याही आल्या. उघड लिलाव, उघड बोली, अधिकृत वजनमाप हे या सगळ्याचं सूत्र होतं.

कापसाच्या, कांद्याच्या, गुळाच्या पेठेत हे सूत्र बऱ्याच अंशी पोचलं. मेंढरांच्या बाजारात बाजार समितीची पावती आली, पाण्याचा हौद आला, कुंपण आलं. पण अनेक ठिकाणी भाव टॉवेलखालीच राहिला आणि वजन हातानंच होत राहिलं.

इंग्रजांच्या स्वतःच्या देशात मात्र १८८७ साली एक कायदा झाला होता. जनावरांच्या बाजारात जिवंत जनावर तोलायला काटा ठेवलाच पाहिजे, असं त्यानं सांगितलं. १८९१ साली तो लिलावाच्या बाजारांनाही लागू केला. कारण तिथंही हेच होतं. खाटीक आयुष्यभर रोज जनावर घेतो, त्याची नजर तयार होते. शेतकरी वर्षातून दोनदा विकतो, त्याची नजर तयार कशी होणार? काटा हा त्या दोन नजरांमधला पंच.

आपल्याकडे १९५६ चा वजनमापांचा कायदा झाला, शेर-मण जाऊन किलो आला, दुकानातलं मटण किलोनं मिळू लागलं. म्हणजे तीच मेंढी विकत घेताना नगावर आणि विकताना किलोवर. एकाच मेंढीला दोन मापं. आमचं घर या दोन मापांच्या मधल्या फटीत वाढलं. माझी बी. ए. ची फीसुद्धा त्याच फटीतून आली.

* * *

गेल्या पन्नास-साठ वर्षांत मेंढीचा सगळा हिशेबच बदलला. गिरणीच्या आणि कृत्रिम धाग्याच्या स्वस्त ब्लँकेटांनी घोंगडीला मागं सारलं. दख्खनी मेंढीची लोकर जाडीभरडी. तिला गिऱ्हाईक उरेना. मधल्या काळात मेरिनो आणि रॅम्बुले जातीच्या परदेशी मेंढ्यांशी संकर करून लोकर मऊ करण्याचे प्रयत्न झाले, पण आपल्या उन्हात आणि भटकंतीत ते फारसे टिकले नाहीत. आज कित्येक ठिकाणी कातरणीची मजुरी लोकरीच्या किमतीपेक्षा जास्त होते. रासायनिक खतांमुळं मेंढरं बसवण्याचं उत्पन्नही पूर्वीसारखं राहिलं नाही. दुसरीकडे मुंबईत १९७१ साली देवनारचा कत्तलखाना सुरू झाला, शहरं वाढली, मटणाची मागणी वाढत गेली. २०१९ च्या पशुगणनेत देशात सव्वासात कोटींहून अधिक आणि महाराष्ट्रात सुमारे सत्तावीस लाख मेंढ्या होत्या. त्यांच्या मालकांचं जवळजवळ सगळं उत्पन्न आता विकलेल्या जनावरावर आहे.

म्हणून म्हाताऱ्या मेंढीचा भाव पूर्वी वरकड होता, तो आता संसाराचा झाला आहे. तो चांगला मिळण्याची रीत काही गूढ नाही. अब्बांच्या म्हातारपणी मी त्यांना विचारलं होतं, "तुम्ही धनगर असता तर म्हातारी मेंढी कशी विकली असती?" ते हसले. मग एकेक करून सांगत गेले. दुकान बंद होऊन पाच वर्षं झाली होती. आता सांगायला हरकत नव्हती.

पहिली गोष्ट, ते म्हणाले, वेळ. आषाढात, श्रावण लागण्याआधी मटणाला मागणी असते. चैत्र-वैशाखात जत्रा असतात. श्रावणात, गणपतीत, नवरात्रात आणि मार्गशीर्षात बाजार उतरतो. बकरी ईदला भाव चढतो खरा, पण तो देखण्या बोकडाला आणि मेंढ्याला. म्हाताऱ्या मेंढीला त्याचा थेट फायदा नाही. तेव्हा दात पाहून मोड ठरवायची ती कोकरू तोडल्याबरोबर. घाट उतरायच्या आदल्या दिवशी नव्हे.

दुसरी गोष्ट, अंगावरचं मांस. नुकतंच कोकरू तोडलेली मेंढी हाडांचा सापळा असते. तिची कास आटू द्यायची, जंताचं औषध द्यायचं आणि दीड-दोन महिने भरडा, भिजवलेली पेंड घालायची, कारण तिला गवत तोडता येत नसलं तरी मऊ खाता येतं. दिवसाला शंभर ग्रॅम वाढली तरी पन्नास दिवसांत पाच किलो होतात. आणि मांसल मेंढीचा किलोमागचा भावही वाढतो, कारण हाडं तेवढीच राहतात. अर्थात खुराकाचा खर्च आधी मांडायचा. जिचे दातच नाहीत आणि जी आजारी आहे, तिच्यावर खर्च करण्यात अर्थ नाही. आणि औषध दिल्यावर त्याची ठरलेली मुदत संपेपर्यंत ती विकायची नाही. खाणारी माणसंच असतात.

तिसरी, गाभण मेंढी मोडीत द्यायची नाही. घाईत ती पुष्कळदा जाते. खाटीक पोटातल्या कोकराचे पैसे देत नाही. २००१ च्या केंद्रीय नियमांनुसार कत्तलखान्यात गाभण मेंढी किंवा तीन महिन्यांच्या आतलं पिल्लू असलेली मेंढी कापताही येत नाही. म्हणजे एकतर सौदा फिसकटतो, नाहीतर एक कोकरू फुकट जातं.

चौथी, एकटीदुकटी नेऊ नये. चार वाड्यांनी मिळून चाळीस मेंढ्या एकत्र केल्या आणि मांसल, मध्यम, रोड अशा तीन रांगा लावल्या, तर दोन-तीन व्यापारी जागेवर येतात. सगळ्या एकत्र उभ्या केल्या तर घेणारा रोड मेंढीकडे बोट दाखवून सगळ्यांचा भाव पाडतो. "मी हेच करायचो," अब्बा म्हणाले.

आणि पाचवी गोष्ट सांगताना ते जरा थांबले. मग म्हणाले, "तोलायची. घरून निघण्याआधी तोलायची. दहा कोस चालवली की पोट रिकामं होतं, पाणी उतरतं, दोन किलो तिथंच जातात. घरचं वजन माहीत असलं की माणूस बाजारात घाबरत नाही."

"मग तुम्ही कुणाला हे सांगितलं का नाही?" मी विचारलं.

ते बराच वेळ गप्प होते. म्हणाले, "मला कुणी विचारलं न्हाई. आणि विचारलं असतं तरी, बाबा, तुमची चार तोंडं होती घरात." त्यानंतर त्यांनी हा विषय कधी काढला नाही. मीही काढला नाही.

* * *

तीन-चार वर्षांपूर्वीची गोष्ट. आषाढातला दिवस होता. कवितेच्या एका कार्यक्रमाहून परतताना माणदेशात एका वाड्यावर थांबलो. बाभळीच्या फांदीला ताणकाटा टांगला होता आणि गोणपाटाच्या झोळीत मेंढी घालून एक तरुण बाई वजन करत होती. सोबत तिचा शाळकरी मुलगा वहीत आकडे लिहीत होता. थोड्या वेळानं मोटारसायकलवरून एक व्यापारी आला. वयानं माझ्याएवढा. त्यानं दात पाहिले, मणक्यावर हात फिरवला. हुबेहूब अब्बांसारखा. मग खांद्यावरचा टॉवेल काढला.

ती बाई म्हणाली, "मामा, टॉवेल ऱ्हाऊ द्या खांद्यावर. किलोचं बोला."

तो हसला. म्हणाला, "अगं, किलोचं काय, सत्तावीस भरंल ती."

मुलानं वहीत पाहिलं आणि सांगितलं, "साडेतीस."

व्यापाऱ्यानं पुन्हा मेंढीकडे पाहिलं. त्यानं वाद घातला नाही. साडेतीस भरेल हे त्याच्या हाताला आधीच कळलं असणार, कारण असे हात चुकत नाहीत. मी त्या हातांच्या घरात वाढलो आहे. तो हिशेब करू लागला. बाईनं आधीच फोनवरून दुसऱ्या दोघांचे भाव विचारून ठेवले होते, तेही तिनं सांगून टाकले. घासाघीस झाली, चहा झाला, पुन्हा घासाघीस झाली. शेवटी जो भाव ठरला तो मोठ्यानं ठरला, आणि बाभळीखाली बसलेल्या आम्हा सगळ्यांना ऐकू आला. व्यापारीही काही रडत गेला नाही. त्याचंही पोट होतं आणि तेही त्या सौद्यात भरलं.

मी त्या मुलाला वही दाखव म्हणालो. चौकोनी रेघांची वही होती. तारीख, मेंढीची खूण, वजन, आणि आता शेवटच्या रकान्यात भाव. मागच्या पानांवर दोन वर्षांपासूनचे आकडे होते. कोणत्या महिन्यात कितीला गेली, ते सगळं.

बी. ए. ला असताना मला जो इतिहास पुस्तकात सापडला नव्हता, तो त्या वहीत होता. १९८२ सालच्या त्या म्हाताऱ्याजवळ अशी एक वही आणि एक ताणकाटा असता, तर माझ्या बापाला मेंढीमागं तीस रुपये जास्त मोजावे लागले असते. आमच्या घरी त्या दिवाळीच्या सुट्टीत मला नवी चड्डी कदाचित मिळाली नसती. त्या म्हाताऱ्याच्या घरी ज्वारीचं एक पोतं गेलं असतं.

वही परत देताना मी त्या मुलाला विचारलं, "हे आकडे पुढंही लिहिणार का?"

तो म्हणाला, "आई लिवायला लावतीच की."